आजोबांचं बत्तीस बोअर अडकायला लागलं, तर

डिसेंबरातली सकाळ, नेमबाजीच्या रेंजवर बोचरा गारठा आणि हातात आजोबांचं वेब्ली पिस्तूल. पाच काडतुसं भरली होती. पहिलं सुटलं. दुसऱ्याला नुसतं ‘टक्’. तिसऱ्यालाही ‘टक्’. चौथं सुटलं, पाचवं पुन्हा गप्प. शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, “म्हातारं झालंय हो ते. आता काचेच्या कपाटात ठेवा.” मलाही ते पटलं. शंभरीच्या घरात आलेलं यंत्र, थकणारच.

कॅम्पातल्या परवानाधारक दुकानात नेलं. तिथले वयस्कर मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी ना भिंग घेतलं ना पेचकस. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, उतरवली, नाकाजवळ नेली आणि विचारलं, “साहेब, याला खोबरेल कोण लावायचं?”

आजोबा लावायचे. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दर रविवारी अंघोळीआधी पिस्तूल पुसायचं हा त्यांचा नेम, आणि जे तेल डोक्याला तेच पिस्तुलाला. ते थेंब थेंब फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईच्या, भोकात उतरत राहिलं, खवट झालं, मेणासारखं बसलं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी पारा १०-१२ वर असतो आणि बाथरूममधली तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. पिस्तुलाच्या आत तेच झालं होतं. पिन त्या थिजलेल्या तेलातून रेटत पुढे जायची आणि काडतुसापर्यंत पोचेस्तोवर तिच्यातला जोर संपायचा. हेच पिस्तूल एप्रिलमध्ये वडिलांच्या हातात बिनतक्रार चाललं होतं, ते का, हेही मग कळलं.

मी बंदुकीतला माणूस नाही. भोसरीच्या एका टूलरूममध्ये तीस वर्षं डाय आणि फिक्श्चर दुरुस्त केली, एवढीच माझी पात्रता. पण तिथे आम्ही नव्या पोरांना जे पहिल्या दिवशी सांगायचो ते इथे जसंच्या तसं लागू पडतं. मशीन बिघडलं म्हणायच्या आधी माल बघ, मग फीड बघ, मग घाण, मग स्प्रिंग. मशीनला हात सगळ्यात शेवटी. पिस्तुलात माल म्हणजे काडतूस आणि फीड म्हणजे मॅगझिन, मुठीत बसणारी काडतुसांची डबी. ज्यांच्याकडे वारशानं असं एखादं जुनं पिस्तूल नुकतंच आलंय आणि ते अडकतंय, त्यांच्यासाठी त्याच क्रमानं लिहितो.

आधी कागद

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. ‘अँटिक आहे, त्याला परवाना कशाला’ हे वाक्य मी पुण्यात निदान दहा जणांकडून ऐकलंय. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे खरी, पण ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेतलं हवं. तुमचं पिस्तूल अडकत अडकत का होईना चालतंय, म्हणजे ती सूट तुमच्यासाठी नाही.

परवाना वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर तो आपोआप तुमचा होत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची सोय आहे: परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो हयात असताना त्यानं वयाची ७० वर्षं पुरी केली अथवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, वारसाला अर्ज करता येतो. आमच्याकडे वडिलांनी सत्तरी झाल्यावर माझं नाव दिलं. परवानाधारकाचा मृत्यू झाला असेल तर मात्र, वारसाचा परवाना होईपर्यंत, लगेचच पिस्तूल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. कपाटात ‘तात्पुरतं’ ठेवलं तरी तो बेकायदा ताबाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, तेव्हा तुमच्या नावावर आधीच दोन असतील तर त्याचाही विचार आत्ताच करा.

दुरुस्तीचंही तसंच. आपलं पिस्तूल पुसणं-तेल लावणं वेगळं आणि दुरुस्तीचा धंदा वेगळा. त्या धंद्याला कलम ५ प्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असो, त्याच्या टेबलावर पिस्तूल ठेवू नका. तोही अडकेल आणि तुम्हीही.

घरातली बैठक

जागा निवडताना एकच गोष्ट बघा, त्या खोलीत काडतूस नको. एकही नको. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. घरातल्यांना सांगून ठेवा, दार लावा, मोबाइल फक्त फोटो काढण्यापुरता.

रिकामं करण्याचा क्रम पाठ हवा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. क्रम उलटा केलात तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात बसलेलं, काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं आत जातं. मॅगझिन नंतर काढून तुम्ही समजता पिस्तूल रिकामं, आणि नेमकं ते भरलेलं असतं. स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळीचं टोक घालून चाचपा. डोळा चुकतो, बोट सहसा नाही. एवढं झाल्यावरही नळीचं तोंड माणसाकडे जाऊ द्यायचं नाही आणि बोट चापाच्या बाहेर.

सामान थोडकं लागतं. तुळशीबागेतला स्टीलचा कडेचा ट्रे, बोहरी आळीतून पितळी ब्रश, जुन्या धोतराच्या चिंध्या, दात कोरायच्या लाकडी काड्या, घड्याळजी लावतात तसलं डोळ्याचं भिंग आणि असेल तर व्हर्नियर. आणि एक वही. वही का, ते पुढे येईल.

पकड, पक्कड, हातोडी आणि कानस यांतलं काहीही त्या ट्रेजवळ नको. जुनी पिस्तुलं मी जेवढी पाहिली त्यात काळानं केलेल्या नुकसानापेक्षा कानशीनं केलेलं नुकसान जास्त होतं.

बिघाड नसलेले बिघाड

नव्या मालकाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. माझ्या एका मित्राकडे कोल्टचं १९०३ चं मॉडेल आहे. हॅमर, म्हणजे पिनवर आदळणारा घोडा, दिसत नाही म्हणून त्याला ‘हॅमरलेस’ म्हणतात. हॅमर असतो, स्लाइडच्या आत झाकलेला. मित्राची तक्रार अशी की शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे थांबत नाही. ती थांबणारच नाही, त्या मॉडेलात तशी सोयच नाही. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या १९१० च्या मॉडेलातही नाही. हल्लीची पिस्तुलं पाहून आपली अपेक्षा तशी झालेली असते.

दुसरी तक्रार, चाप मेल्यासारखा वाटतो. बऱ्याच जुन्या पिस्तुलांना मुठीच्या मागच्या बाजूला दाबली जाणारी सेफ्टी असते. मूठ सैल धरली की ती पूर्ण दबत नाही आणि चाप कामच करत नाही. एफएन १९१० सारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन बाहेर असेल तरी चाप चालत नाही. कोल्ट १९०३ मध्ये ही गोष्ट उत्पादनाच्या नंतरच्या काळात आली, म्हणजे एकाच नावाची दोन पिस्तुलं वेगळी वागू शकतात. आपल्या हातातलं नेमकं कुठलं, हे आधी ठरवा. कुठल्या भागाला खरवडण्याआधी तर नक्कीच.

माल: काडतूस

इथे पुण्याचा, खरं तर भारताचा, एक खास घोटाळा आहे. आपल्याकडे ‘बत्तीस बोअर’ म्हणजे दोन वेगळी काडतुसं. पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटर म्हणून ओळखलं जाणारं, १७ मिलिमीटर लांब पितळी पुंगळीचं आखूड काडतूस, ब्राउनिंगनं १८९९ च्या सुमारास आणलेलं. आणि रिव्हॉल्व्हरचं लांब, २३ मिलिमीटर पुंगळीचं, बुडाला रुंद कडा असलेलं. परवान्यावर दोन्हीकडे नुसतं ‘.३२’ लिहिलेलं सापडतं. दुकानदार सहसा चुकत नाही, पण आजोबांच्या डब्यात दोन्ही मिसळलेली असू शकतात. शेजारी शेजारी उभी करा, फरक लगेच दिसेल.

डब्यातली जुनी काडतुसं वापरू नका, हा माझा सरळ सल्ला. पितळेवर हिरवा कळंक चढलेला असेल, गोळी पुंगळीत बोटानं फिरत असेल, बुडाची टोपी, जिच्यावर पिन आदळते ती, काळवंडली असेल, तर प्रश्नच नाही. ती कचऱ्यात नाही, मुठेत नाही, विहिरीत तर नाहीच. परवान्यावर नोंद असते. दुकानदाराकडे किंवा पोलिसांकडे रीतसर जमा करा. मग नवीन, एकाच खोक्यातली घ्या. बुडाला केएफ असा शिक्का असलेली आपल्या खडकीच्या कारखान्याची काडतुसं पुणेकरांना अनोळखी नाहीत. तो कारखाना १८६९ पासूनचा आहे. एकाच खोक्यातला माल घेतला की काडतुसामुळे काय होतंय आणि पिस्तुलामुळे काय, हे वेगळं काढता येतं.

या आखूड काडतुसाचा एक स्वभाव आहे. त्याच्या बुडाची कडा पुंगळीपेक्षा किंचित बाहेर येते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली तर दोघं एकमेकांत अडकतात. वरचं पुढे सरकतच नाही, आणि स्लाइड कितीही ओढा, काही हलत नाही. नवखा माणूस म्हणतो स्प्रिंग गेली. मॅगझिन काढून बघा, वरचं काडतूस नाक खाली घालून रुतलेलं दिसेल. उपाय भरण्यातच आहे: प्रत्येक नवं काडतूस आधीच्याच्या पुढून आत सरकवायचं, कडा नेहमी पुढेच राहील असं. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकी आपटायची. मूळच्या गोल नाकाच्या गोळीपेक्षा आखूड बनावटीचं काडतूस घेतलंत तर मॅगझिनमध्ये पुढे-मागे जागा जास्त उरते आणि हा त्रास वाढतो. जुन्या पिस्तुलाला जुन्या घडणीचंच काडतूस द्या.

फीड: मॅगझिन

काडतूस वर आलं पण चेंबरच्या तोंडाशी नाक आपटून थांबलं, किंवा स्लाइड त्याच्यावरून नुसतीच निघून गेली, तर पिस्तूल बाजूला ठेवा आणि मॅगझिन हातात घ्या. माझ्या हिशेबानं न भरण्याच्या दहा तक्रारींत सात-आठ इथे निघतात.

तीन जागा बघायच्या. एक, वरचे ओठ, म्हणजे काडतुसाला धरून ठेवणाऱ्या दोन वळलेल्या कडा. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? कधीकाळी पडल्यामुळे एक ओठ किंचित उघडलेला असतो आणि काडतूस वाकडं वर येतं. व्हर्नियर असेल तर पुढची आणि मागची रुंदी मोजून वहीत लिहा. पकडीनं वाकवू मात्र नका. हे ओठ कडक पोलादाचे असतात, एकदा तडकले की ते मॅगझिन संपलं, आणि शंभर वर्षांपूर्वीचं मॅगझिन मिळवायला तुम्हाला जन्म पुरणार नाही.

दोन, अंग. बाहेरून पोचा आला असेल तर काडतुसं वर ढकलणारी पट्टी तिथे घासते. रिकाम्या मॅगझिनमध्ये ती लाकडी काडीनं सावकाश खाली दाबा आणि सोडा. वाटेत कुठे अडखळली तर जागा सापडली.

तीन, स्प्रिंग. मॅगझिनची पट्टी अगदी वर असताना थोडी दाबून बघा. तिथे जोर नसेल, नुसती लोंबकळत असेल, तर शेवटची एक-दोन काडतुसं वेळेत वर येणार नाहीत. वहीतही तसंच दिसतं: पहिली पाच नीट, शेवटची दोन अडकली. हा नमुना दिसला की बोट स्प्रिंगकडेच जातं. ओढून, ताणून लांब केलेली स्प्रिंग आठवडाभर चालते आणि परत बसते. मिस्त्रीकडून त्याच तारेची नवी वळून घ्या.

चौथी गोष्ट जागा नव्हे, तपास: मॅगझिन त्याच पिस्तुलाचं आहे ना? जुन्या घरांत दोन पिस्तुलं असतील, एक विकलं गेलं असेल, मॅगझिनं बदललेली असतील. बसतं म्हणजे त्याचंच असं नाही.

भरण्याची चाचणी घरी खऱ्या काडतुसांनी करायची नाही. दुकानात डमी, म्हणजे दारू नसलेली काडतुसं, असतात, तिथे समोर करून घ्या.

घाण

खोबरेलाची गोष्ट वर आलीच. पण खोबरेल एकटंच आरोपी नाही. शिलाई मशीनचं तेल त्या मानानं बरं, थिजत नाही. पण तेही वर्षानुवर्षं थरावर थर लावलं तर धूळ धरून काळा चिकटा होतो. काही घरांत ग्रीस चोपडलेलं सापडतं, ते तर निवडणुकीच्या वेळी जमा केलेलं पिस्तूल परत येतं तेव्हा हमखास. जमा करताना त्यावर पातळ तेलाचा हात फिरवा आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी उघडून पुसा, पुढच्या निवडणुकीपर्यंत वाट बघू नका.

आणखी एक घाण आपली खास आहे, खंडेनवमीची. मी स्वतः पूजा करतो, तेव्हा कोणी राग मानू नये. पण ओलं हळदकुंकू, अक्षता, पंचपात्रातलं पाणी आणि झेंडूची पाकळी स्लाइडच्या फटीत गेली की तिथे पुढच्या दसऱ्यापर्यंत गंज धरतो. आमच्या वेब्लीच्या नेम धरायच्या मागच्या साइटखाली चाचांनी काडीनं उकरून कुंकवाची वाळलेली वडी काढली, तांदळाच्या दाण्याएवढी. खाली पोलादाला खड्डा पडला होता. तो आता कायमचा. तेव्हापासून कुंकू पेटीला लागतं, पिस्तूल आत कोरडं राहतं.

साफ करायला दुकानात मिळणारं द्रावण उत्तम. थिजलेलं, सुकलेलं तेल रॉकेलनंही सुटतं, मिळालं तर. खिडकी उघडी ठेवा, देवघरातला दिवा विझवा, आणि मुठीच्या तुकड्यांना ते लागू देऊ नका. नळी मागच्या बाजूनं पितळी ब्रशनं, मग चिंधी, मग जवळजवळ कोरडीच म्हणता येईल अशी तेलाची चिंधी. चेंबर विसरू नका. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, टोकाखाली काडी फिरवा. तिथे पितळेचा चुरा आणि काजळी मिळून सिमेंट झालेलं असतं. स्लाइड ज्या खाचांतून सरकते तिथे तेलाचा एकेक थेंब पुरे. फायरिंग पिनचं भोक मात्र कोरडं ठेवायचं, एकही थेंब नाही.

पिन काढणं काही पिस्तुलांत दोन मिनिटांचं काम आहे, काहींत नाही. सहज निघत नसेल तर जोर लावू नका, ते काम मिस्त्रीचं. आमच्या वेब्लीत तर वेगळीच गंमत आहे. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग नळीच्या खाली किंवा भोवती असते. वेब्ली अँड स्कॉटनं ती इंग्रजी व्हीच्या आकाराची करून उजव्या मुठीखाली लपवली. हेच बत्तीस बोअरचं मॉडेल लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये घेतलं होतं. कुतूहल म्हणून उजवी मूठ उघडावीशी वाटते. उघडू नका. स्प्रिंग ताणाखाली असते आणि मूठ जुन्या कडक रबराची, पेचकस घसरला की कोपरा टिचतो. मी टिचवलाय. तीस वर्षं डाय उघडणाऱ्या माणसानं.

रेंजवर काय बघायचं

साफसफाई झाली, मॅगझिन ठीक, काडतुसं नवी. आता परवानगी असलेली रेंज, शेजारी जाणकार माणूस, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. शेतावर किंवा सिंहगडाच्या मागच्या माळावर ‘दोन उडवून बघू’ म्हणणारे मित्र भेटतील, त्यांना चहा पाजून घरी पाठवा. निष्काळजी गोळीबार आणि लग्नातला हर्षोल्हासाचा गोळीबार हे २०१९ पासून स्वतंत्र गुन्हे आहेत.

सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच काडतूस. मग दोन. पूर्ण भरलेलं सगळ्यात शेवटी. जुनं पिस्तूल एकदम भरून चालवण्यात शहाणपण नाही.

‘टक्’ आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर पिस्तूल तसंच लक्ष्याकडे धरून मनात तीसपर्यंत मोजा. काडतूस उशिरा पेटू शकतं. मग मॅगझिन काढा, स्लाइड ओढा, काडतूस बाहेर काढा आणि बुडाची टोपी बघा. हा सगळ्यात बोलका पुरावा. खोल, मधोमध खड्डा असेल तर पिस्तुलानं आपलं काम केलंय, काडतूस खराब. उथळ खड्डा असेल तर पिन जोरात पोचत नाही: घाण, थकलेली स्प्रिंग, किंवा स्लाइड पूर्ण मिटलेली नसताना चाप ओढला गेला. खड्डाच नसेल तर पिनचं टोक मोडलं असण्याची शक्यता. माझी ती न सुटलेली तीन काडतुसं चाचांनी ट्रेमध्ये ओळीनं ठेवली होती. तिन्हींवर सुईनं हलकं टोचल्यासारखी खूण होती. ती पाहूनच त्यांनी स्लाइड नाकाला लावली.

घरी रिकामा चाप ओढून ‘टक्’ ऐकायची सवय मात्र सोडा. अशा रिकाम्या ठोक्यांनी जुनी पिन मोडू शकते.

रिकामी पुंगळी चेंबरमध्येच राहिली, तर तिची कडा बघा. कडेवर आकड्याचा ओरखडा असेल म्हणजे आकडा पकडतोय पण पुंगळी सुटत नाही: चेंबर खडबडीत, गंजानं खड्डे पडलेले. ओरखडाच नसेल तर आकडा झिजलाय किंवा त्याखाली घाण आहे. आणि पुंगळी बाहेर येता येता स्लाइडमध्ये उभी अडकली, धुराड्यासारखी, तर आधी स्वतःचं मनगट बघा. हात सैल असला की स्लाइडला मागे जायला आधार मिळत नाही. दुसऱ्या, सवयीच्या माणसाला पिस्तूल चालवायला द्या. रेंजच्या नियमात बसत असेल तरच, आणि तुमच्या डोळ्यांसमोर. त्याच्या हातात नीट चाललं तर पिस्तुलाला दोष देऊ नका. चाललं नाही तर खाचा कोरड्या आहेत का, काडतूस कमजोर आहे का, हे क्रमानं.

स्लाइड दोन-तीन मिलिमीटर मागेच थांबते, अंगठ्यानं ढकलावी लागते, ही तक्रार घाण गेल्यावरही राहिली तर स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग थकलीय. ती हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘अशीच दिसणाऱ्या’ स्प्रिंगनं बदलायची नाही. कडक झाली तर स्लाइड पुरती मागे जाणार नाही आणि नवे अडथळे येतील. मऊ झाली तर प्रत्येक गोळीला स्लाइड सांगाड्यावर घणासारखी आदळेल.

हे सगळं वहीत: तारीख, काडतुसाचं खोकं, मॅगझिनमधलं कितवं काडतूस, काय झालं, टोपीवरची खूण कशी. मिस्त्रीसमोर ‘कधी कधी अडकतं’ म्हणालात तर तो तरी काय करणार? ‘शेवटची दोन, तिन्ही वेळा, नाक खाली’ म्हणालात की त्याचा हात थेट मॅगझिनकडे जातो.

इथे थांबायचं

काही खुणा अशा की तिथे तपास नाही, फक्त थांबणं. एकदा चाप ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या: लगेच बंद, आत हॅमरला धरून ठेवणारा भाग झिजलाय. तिथे आपण हात घालायचा नाही, उघडून बघायचंही नाही. पिस्तूल खाली ठेवताना किंवा सेफ्टी काढताना सुटलं, तर तेच. आवाज नेहमीसारखा न येता नुसतं ‘फुस्स’ झालं, तर पुढची गोळी मारू नका. आधीची नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फुटते. आणि स्लाइडवर, विशेषतः पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीच्या कोपऱ्यांत, केसाएवढी रेघ दिसली तर ती ओरखडा नाही असं धरूनच चाला. आम्ही टूलरूममध्ये चीर शोधायला करायचो ते सोपं आहे: तेल लावा, पुसून कोरडं करा, वर खडूची पूड भुरभुरा, थोडा वेळ थांबा. चिरेत शिरलेलं तेल पुडीतून वर येतं आणि रेघ काळी उमटते. उमटली तर ते पिस्तूल परत चालवायचं नाही.

निकेल चढवण्याबद्दल राहिलं. घरात कार्य निघालं की ‘चकाचक करून घेऊ’ असं कोणीतरी म्हणतंच. पॉलिशच्या चाकावर कडा गोल होतात, आकड्याच्या खाचेत आणि चेंबरच्या तोंडाशी मुलामा बसून आधी न अडकणारं पिस्तूल अडकायला लागतं. त्याहून वाईट, नंबर पुसट होतो. ओळखीचा नंबर खोडणं-बदलणं कलम ८ खाली येतं आणि पुसलेल्या नंबरचं शस्त्र जवळ असणं हीच मोठी भानगड.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं जूनपासून ओल पितं आणि सप्टेंबरपर्यंत ती पिस्तुलाला पाजत राहतं. सुती मोजा, सिलिका जेलची पुडी, कुलूपबंद पेटी.

आणि दुकानात दुरुस्तीला ठेवाल तेव्हा मूळ परवाना सोबत न्या. दुकानदार रजिस्टरमध्ये नोंद करून पावती देईल. ती खिशात घालण्याआधी काउंटरवरच, चष्मा लावून, पावतीवरचा नंबर, परवान्यावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर एकेक आकडा करत जुळवा. माझ्या पहिल्या पावतीवर ६ चा ९ झाला होता. चाचांनी तो तिथेच खोडून, बाजूला सही करून दिला.